मानांकित खड्डा

1 जुलै हा वाशीम जिल्ह्यात फार गर्दीचा दिवस. 1998 साली याच दिवशी अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा जन्माला आला. खरं तर पुन्हा जन्माला आला, कारण इंग्रजांच्या काळातला वाशीम जिल्हा 1905 मध्ये मोडीत निघाला होता. याच दिवशी वसंतराव नाईकांची जयंती, म्हणून कृषिदिन. वनमहोत्सवाचा आठवडाही याच दिवशी उजाडतो. निमित्तं तीन, मांडव एक, आणि मांडवामागे आदल्या रात्री जेसीबीने काढून ठेवलेले खड्डे. पाहुणे येतात, रोप धरतात, फोटोत कुणाचा तरी चेहरा कापला जातो म्हणून पुन्हा धरतात. पाणी कोण घालणार, हे विचारायला त्या गर्दीत जागा नसते.

अशा जिल्ह्यात समजा उद्या फर्मान निघालं, की वनखात्याची सगळी कामं आणि ती घेणारे सगळे कंत्राटदार यांना पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली लागू. नमुना तयारच आहे, आयएसओ 14001. 1996 साली निघाला, 2015 साली सुधारला. स्वीडनमधल्या मोठमोठ्या लाकूड कंपन्या त्यावर चालतात आणि त्यांच्यासाठी जंगलात यंत्र चालवणारा कंत्राटदारही त्यातून सुटत नाही. तेल कुठं सांडलं, ओढ्याच्या काठी चाकाने माती किती उकरली, हे त्यालाही सांभाळावं लागतं.

आपल्याकडे आयएसओ म्हटलं की आधी फ्रेमवाल्याला फोन जातो. महाराष्ट्राने आयएसओ अंगणवाड्या पाहिल्या, आयएसओ शाळा पाहिल्या, आयएसओ ग्रामपंचायती आणि पोलीस ठाणीही पाहिली. जिनिव्हातली आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ती फक्त मानकं लिहिते, प्रमाणपत्र वाटणाऱ्या एजन्सी वेगळ्या. पण इतका बारीक मजकूर काचेआडून दिसत नाही. शिवाय 14001 मध्ये किती झाडं जगली पाहिजेत याचा आकडा कुठंच नाही. काय करणार ते तुम्हीच लिहा, लिहिलं तसं करा, केलं की तपासा, चुकलं असेल तर सुधारा, एवढंच त्याचं म्हणणं. लिहायचं तर आपण कितीही लिहू.

तर कार्यशाळा भरते. सभागृहात एसी, टेबलावर पाण्याच्या टीचभर प्लास्टिक बाटल्या, पडद्यावर पर्यावरण. सल्लागार पुण्याचे. ते सांगतात, आधी 'पैलू आणि परिणाम' यांची यादी करा. आपण करतो त्या प्रत्येक कामापुढे लिहा, की यामुळे निसर्गाचं काय होतं. मागच्या रांगेतला एक कंत्राटदार (नाव कशाला, तालुक्याला एकेक आहेच) उभा राहतो. "साहेब, आमी त झाडंच लावतो बाप्पा. यानं पर्यावरनाचं वाईट कसं होईन?"

सभागृह हसतं. उत्तर मात्र कारंज्याजवळच्या माळावर चरत असतं.

कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळविटांसाठी आहे, सुमारे 18 चौरस किलोमीटरचं. काळविटाला दाट झाडी नको असते. त्याचा जीव पळण्यावर, म्हणून लांबवर नजर जाईल असा उघडा गवताळ माळ त्याला हवा. अकोला-वाशीमकडच्या अशाच माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. मादीने पाहावं म्हणून नर गवतातून पुन्हा पुन्हा सरळ वर उडी घेतो, क्षणभर दिसतो आणि गडप होतो. हा पक्षी आता जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आहे. तो कुठं उतरतो हे फासेपारध्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, आणि इथले काही फासेपारधी आज त्याला वाचवायच्या कामाला लागले आहेत. कागदावर मात्र अशा माळाचं नाव 'पडीक', नाहीतर 'ई-क्लास'. तीन बाय तीन मीटरवर आखणी केली की हेक्टरी 1111 खड्डे बसतात, हिशेब सोपा. गवत मोजायचा रकाना मोजमाप पुस्तिकेत नाही. इंग्रजांना गवताची कदर होती, घोडे त्यांचे होते ना! वऱ्हाडाच्या 1886 च्या जंगल कायद्याने गवताच्या रमण्यांना आणि बाभूळबनांना वेगळा वर्ग दिला होता. आपण स्वतंत्र झालो आणि माळाला ओसाड म्हणायला मोकळे झालो.

यादीतला दुसरा पैलू रोपाच्या बुडाशी असतो, काळी पॉलिथिनची पिशवी. ब्लेडने चिरायची, अलगद काढायची, रोप मातीत ठेवायचं, माती दाबायची, आणि पिशवी? इथं सगळे दुसरीकडे पाहतात. 2019 सालच्या 33 कोटी झाडांच्या सरकारी संकल्पातली निम्मी रोपं पिशवीतली धरली तरी साडेसोळा कोटी पिशव्या होतात. बऱ्याचदा पिशवी निघतच नाही. मजुराला दिवसाचा आकडा गाठायचा असतो, मुकादम मागे उभा असतो, रोप पिशवीसकट गाडलं जातं. मुळं आत गोल गोल फिरत राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात रोप वाळतं आणि रोपवनाच्या वहीत कारण पडतं, 'पावसाचा खंड'. पाऊस बिचारा खुलासा द्यायला येत नाही.

तिसरा पैलू आग. राज्यात 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात, त्याआधी जाळरेषा साफ करून तयार हव्यात. निधीला मात्र मार्चची ओढ असते आणि काम निधीच्या मागून चालतं. उपग्रहाला मार्चएंड कळत नाही. आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाचा इशारा मोबाइलवर येऊन पडतो, जाळरेषा निघालेली असो वा नसो.

सल्लागारांचं चक्र चार टप्प्यांचं आहे, नियोजन, अंमल, तपासणी, सुधारणा. पहिल्या दोहोंत महाराष्ट्राला तोड नाही. 2016 साली संकल्प 2 कोटी झाडांचा होता, सरकारी आकड्यानुसार लागली 2 कोटी 82 लाख. मग 2017 ला संकल्प 4 कोटींचा, 2018 ला 13 कोटींचा आणि 2019 ला थेट 33 कोटींचा. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी, म्हणजे पाळण्यातल्या बाळासकट माणशी जवळजवळ तीन झाडं, तीही एका पावसाळ्यात. तिसरा टप्पा 2021 मध्ये आला. तोवर सरकार बदललं होतं आणि या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. आपल्याकडे तपासणी होतच नाही असं कुणी म्हणू नये. तिला फक्त सत्तांतर लागतं.

दिल्लीतही चित्र फार वेगळं नव्हतं. भरपाई वनीकरणाचा हिशेब कॅगने 2013 च्या अहवालात मांडला. 2006 ते 2012 या काळात तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात देशभरात 1,03,382 हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती, मिळाली 28,086 हेक्टर. त्यातल्या 7,281 हेक्टरवर वनीकरण झालं. आयएसओच्या भाषेत याला 'विसंगती' म्हणतात. वऱ्हाडात त्याला वेगळं म्हणतात, ते छापता येत नाही.

आणि वनखात्याला प्रणाली नवी आहे असंही नाही. 14001 निघालं त्याच 1996 साली, 12 डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात बजावलं की मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड नाही. साग तोडला की ओंडक्यावर हातोड्याची खूण पडते, थप्पी मोजली जाते, डेपोतून आरागिरणीपर्यंत तो टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, घेऊन जातो. मेलेल्या झाडाचे कागद इतके पक्के. जिवंत रोपाच्या वाट्याला पहिल्या दिवशीचा फोटो येतो. केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये भारतीय वन आणि लाकूड प्रमाणन योजनाही सुरू केली आहे. युरोपातला गिऱ्हाईक लाकूड कुठून आलं ते विचारू लागला, म्हणून. सोयाबीन पिकवणाऱ्या वाशीमला तो अजून काही विचारत नाही.

कार्यशाळा संपता संपता मागच्या रांगेतून पुन्हा आवाज येतो. "साहेब, टेंडर लावाचं हाये, जगवाचं नाही. जगवाचं काढा ना मंग, तेबी भरतो."

दिवसभरात कामाचं बोलला तो हाच. त्याच्या म्हणण्यात जी प्रणाली आहे तिला पुण्याची गाडी लागत नाही. शेवटचा हप्ता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जिवंत रोपं गावकऱ्यांसमोर मोजून द्यायचा. जितकी रोपं नेली तितक्या रिकाम्या पिशव्या रोपवाटिकेत परत आणल्याशिवाय बिल काढायचं नाही. आणि माळावर पहिली कुदळ पडण्याआधी तिथं गुरं चारणाऱ्याला आणि फासेपारध्याला विचारायचं, की इथं काय राहतं. जिल्ह्यातल्या वाचकांनी पुढच्या वेळी वनीकरणाची निविदा निघेल तेव्हा तिच्या अटी मागून घ्याव्यात, आणि यातली एखादी तरी त्यात आहे का ते पाहावं. नसेल तर बिल निघण्याआधी विचारावं.