शिव्यांचा तयार मसाला

1990 साली अमेरिकेतले रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांच्या 'गोपॅक' संघटनेनं पक्षाच्या उमेदवारांना चक्क शब्दांची यादी पाठवली. विरोधकांसाठी: भ्रष्ट, देशद्रोही, केविलवाणे, रोगट. स्वतःसाठी: कुटुंब, धैर्य, स्वातंत्र्य. केवढी सोय! आरोग्य विम्यावर बोलायचं तर आधी वाचावं लागतं, वर समोरच्यानं उलट प्रश्न विचारण्याची धास्ती. 'देशद्रोही' म्हणायला काही वाचावं लागत नाही. तयार मसाल्याचं पाकीटच ते, भाजी कुठलीही असो. 1994 मध्ये पक्षाला प्रतिनिधिगृहात 40 वर्षांनी बहुमत मिळालं आणि गिंग्रिच पुढे सभापती झाले. (जाहीरनामाही होता हो, दहा कलमी. पण कलमं पाठ कोण करतो?)

डेमोक्रॅट काही सोवळ्यात नव्हते. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांचे निम्मे समर्थक 'निंद्य माणसांच्या टोपली'त टाकले. दुसऱ्याच दिवशी 'निम्मे' म्हटल्याबद्दल खेद व्यक्त केला. म्हणजे हरकत हिशेबाला होती, टोपलीला नव्हे. ट्रम्प तर त्यांना रोज 'लबाड हिलरी' म्हणत, आणि सभांमध्ये 'तुरुंगात टाका'च्या आरोळ्या उठत. टोपलीतल्या मंडळींनी मात्र 'निंद्य' हा शब्द टी-शर्टांवर छापून मिरवला.