ग्रेस मार्कांचं मैदान

लातूर-नांदेडच्या चौकाचौकात नीटमध्ये सहाशेपार गेलेली पोरं फ्लेक्सवर हसत असतात. त्याच फ्लेक्सच्या सावलीत, स्पाइक्स पिशवीत कोंबून, विभागीय स्पर्धेत पहिली आलेली पोरगी एसटीची वाट बघते. पेपरात तिचं नाव आलं खरं. आधी संस्थाध्यक्षांचं, मग मुख्याध्यापकांचं, मग तिचं. खेळाचा तास फिजिक्सनं कधीच चितपट केलाय. तेही पैलवान हरिश्चंद्र बिराजदार, काका पवारांच्या लातुरात! घरचे मात्र खूश: दहावीला वाढीव गुण, पुढं नोकरीत 5 टक्के आरक्षण. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात नांदेडच्या भाग्यश्री जाधव यांनी तिरंगा धरला, असं शेजाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं, मग त्याचे मार्क किती धरतात?"