दुनळीकाका

दुनळीकाकांना "काय, कसं काय?" असं सहज म्हणून विचारायची सोय नाही. विचारलं की ते बर्फाचं फावडं कुंपणाला टेकवतात, हातमोजे काढून खिशात कोंबतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "एक बघितलीय." मिनेसोटाच्या जानेवारीत माणूस आपण होऊन हातमोजे काढतो तेव्हा विषय गंभीर आहे असं समजावं. काका सत्तरीचे, काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत असतात, त्यामुळे भलती शंका घ्यायला जागा नाही. बघितलेली असते ती बंदूक. स्पॅनिश, दुनळी, दोन्ही नळ्या शेजारी शेजारी, आणि आधी कुणीतरी वापरलेली.

काकांचं खरं नाव वेगळं. हे नाव आमच्या पोरांनी ठेवलंय. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या आधीपासून काका ही बंदूक घेताहेत. अजून घेतलेली नाही.

माणूस मुळात चंचल नाही. राहतं घर त्यांनी एका दुपारी पसंत केलं. लग्नही, काकू सांगतात, असंच झटपट ठरवलं. नोकरी वजनमापे खात्यात. पेट्रोल पंप गिऱ्हाइकाला पुरं माप देतो की नाही हे तपासण्यात हयात गेली. खोट शोधायची सवय सरकारने लावली आणि पेन्शनीबरोबर ती घरी आली, एवढाच काय तो दोष.

बरं, बंदूक नाही असंही नाही. कपाटात रेमिंग्टन 870 आहे. नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची, अगदी साधी. हे मॉडेल 1950च्या सुमाराला आलं आणि त्याच्या एक कोटीच्या वर बंदुका बनल्या. काकांची त्यातलीच एक, वडिलांनी घेतलेली. सप्टेंबरच्या मध्याला हंगाम उघडला की ती आणि कुत्रा घेऊन काका उत्तरेकडच्या अ‍ॅस्पेनच्या जंगलात जातात. तिथे रफ्ड ग्राउझ नावाचा, आपल्या तित्तिराच्या गोतातला पक्षी असतो. तो पायाखालून असा फडफडत उठतो, की बंदूक खांद्याला लागेपर्यंत झाडाआड गेलेला असतो. तरी काका एखाददुसरा आणतात. "जमतंय की ह्या बंदुकीने," मी एकदा म्हणालो. काकांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "जमतं," ते म्हणाले, "पण शोभत नाही."

शोभते ती एइबारची. स्पेनच्या बास्क मुलखात, डोंगरांच्या बेचक्यात हे गाव बसलंय, आणि कित्येक पिढ्या बंदुका हाच तिथला धंदा. लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडकडे हाताने घडवलेली बंदूक नवी घ्यायची तर पर्डीचा आकडा एक लाख पौंडांच्या वर सुरू होतो. एइबारच्या कारागिरांनी त्याच इंग्रजी घडणीच्या बंदुका बनवल्या. आगिरे आणि आरांसाबाल या दोघांनी 1915मध्ये काढलेली 'आया' ही त्यातली सगळ्यांत नावाजलेली पेढी. तिच्या 'नंबर टू' या मॉडेलचे साइडलॉक, म्हणजे बाजूच्या पाट्यांवर बसवलेले घोडे-कळी, हॉलंडच्या धर्तीवरचे. वापरलेली मिळाली तर चार-पाच हजार डॉलरांत काम होतं. "पैशांचा प्रश्नच नाही," असं काका दर वेळी म्हणतात आणि त्यापुढचा अर्धा तास पैशांवर बोलतात.

एइबारबद्दल त्यांना जे माहीत नाही ते बहुधा एइबारकरांनाही माहीत नसावं. 1931च्या 14 एप्रिलला राजा राहणार की जाणार या विवंचनेत सगळा स्पेन होता, तेव्हा या चिमुकल्या गावाने भल्या पहाटे, माद्रिदच्याही आधी, प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. हे सांगताना काकांचा ऊर भरून येतो. "कुणाची वाट बघितली नाही. ठरवलं आणि केलं!" त्या दिवशी कॉफी ओतणाऱ्या काकू नुसत्या थांबल्या, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओतू लागल्या.

काका फुटबॉल बघत नाहीत, पण एइबारचा संघ त्यांचा. त्या खेळाडूंना 'आर्मेरोस', म्हणजे बंदूकवाले, म्हणतात, एवढं त्यांना पुरतं. 2014मध्ये तो संघ ला लीगात चढला तेव्हा काका म्हणाले, शुभशकुन आहे, आता घेऊन टाकतो. 2021मध्ये संघ खाली घसरला तेव्हा बंदूक घ्यायची राहिलीच होती. मग घसरलेल्या मुहूर्तावर कशाला घ्यायची, म्हणून विचार पुढे ढकलला.

त्यांची एक वही आहे. प्रत्येक पानावर उभी रेघ, डावीकडे 'घ्यावी', उजवीकडे 'पण'. डावी बाजू दोन ओळींत आटोपते. उजवीकडे कागद पुरत नाही. दस्ता आठवा हिस्सा इंच लांब आहे. तो चेहऱ्यापासून उजवीकडे जेवढा झुकलेला हवा तेवढा नाही. जाणकार बंदूकसाज तेल तापवून लाकूड वाकवतो हे काकांना पक्कं ठाऊक, पण वाकवताना तडकलं तर? काडतुसाचं घर 65 मिलिमीटरचं की 70चं? नळीच्या तोंडाशी किती आवळ आहे? एइबारकर ती आवळ ताऱ्यांनी दाखवतात आणि त्यांचा हिशेब हॉटेलांच्या उलटा. एक तारा म्हणजे सगळ्यांत घट्ट. तारे वाढत जातात तशी नळी मोकळी. काकांना डावीकडे दोन आणि उजवीकडे चार हवेत. मिळते तिला नेमके एक आणि तीन असतात.

मग छऱ्यांचा प्रश्न. अमेरिकेत बदकांच्या शिकारीला शिशाचे छर्रे 1991पासून बंद आहेत, बिनशिशाचे, बहुधा पोलादी, वापरावे लागतात, आणि जुन्या नळ्यांना पोलाद सोसत नाही.

"पण तुम्ही बदकं कुठे मारता?" मी विचारलं.

"नाही मारत," काका म्हणाले. "पण उद्या मारावीशी वाटली तर?"

काहीच आडवं आलं नाही तर निसर्ग मदतीला असतोच. ग्राउझची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्याने चढते-उतरते. उतरती असली की काका म्हणतात, पक्षी नाहीत तर बंदूक कशाला? चढती असली की म्हणतात, एवढे पक्षी आहेत, 870नेसुद्धा पडतील!

या दुनळीला चापही दोन. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. एका चापावर वाढलेल्या बोटाला सवय हवी, म्हणून काका टीव्हीच्या रिमोटवर सराव करतात. काकूंची मालिका ऐन रंगात आली की एकदम हवामानाचा अंदाज लागतो आणि मागोमाग आवाज चढतो. "दोन्ही बार बसले," काका समाधानाने म्हणतात.

माझं बंदूकज्ञान कोकणातलं. वानर-डुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा. मी हे सांगितलं तेव्हा काका हरखले. दर निवडणुकीला सरकार आपण होऊन बंदूक दूर ठेवतं, परत आणायची की नाही यावर पुन्हा विचार करायची संधी देतं, ही व्यवस्था त्यांना फार प्रगल्भ वाटली.

एकदा मात्र मजल पुढे गेली. दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याने तीन दिवस तपासायला द्यायचं कबूल केलं. बार काढायचा नाही, पसंत नसेल तर परत. परवानेवाल्या दुकानदाराकडे खोकं आलं, फॉर्म भरून झाला, चौकशी झाली आणि 'नंबर टू' घरी आली. पाहणीला आम्हा दोघांना बोलावणं आलं.

जेवणाच्या टेबलावर टर्किशचा टॉवेल, त्यावर तीन भागांत सोडवलेली बंदूक. अक्रोडाच्या दस्त्यावर मधासारख्या रेषा, पोलादी पाट्यांवर बारीक वेलबुट्टी. काकांनी दातांच्या डॉक्टरकडचा असतो तसला आरसा आणला होता. नळी खिडकीकडे धरून आतल्या प्रकाशाची वलयं एका मध्याभोवती नीट पडतात का ते पाहिलं. कुठे पोचा असेल तर वलय वाकडं होतं. सिगारेट कधी ओढली नाही, पण सिगारेटचा कागद आणलेला. तो नळ्यांच्या बुडाशी ठेवून बंदूक मिटली. फट नाही. चाचणीच्या शिक्क्यांत वर्षाचं सांकेतिक अक्षर असतं, ते भिंगाखाली वाचलं, वहीत लिहिलं.

शेवटची परीक्षा आवाजाची. नळ्या दोरीने टांगायच्या आणि बोटाच्या पेराने टकटक करायची. मधल्या पट्टीचा डाग कुठे सुटला असेल तर आवाज बद्द येतो, नसेल तर घंटा वाजते. काकांनी टकटक केली. लांब, स्वच्छ नाद उठला आणि बराच वेळ रेंगाळला.

"काळी दोन," आमची ही पटकन म्हणाली.

काकांना समजेना. ही मिरजेची, हिच्या माहेरी तंबोरा. मग तिने सांगितलं, की मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणारी घराणी मुळात शिकलगार, म्हणजे हत्यारांची कामं करणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसला तेव्हा त्यांनी वाद्यांत हात घातला आणि गाव तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध झालं. काका खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे एइबारच!" तिथेही बंदुकांचा बाजार बसला तेव्हा नळ्या ओढणाऱ्या हातांनी सायकलींच्या नळ्या ओढल्या. ऑर्बेआ ही पेढी 1840पासूनची बंदूकवाली, 1930च्या सुमाराला सायकली करू लागली. शिवणयंत्रंसुद्धा निघाली त्या गावातून! त्या संध्याकाळी काकांनी हिच्याकडून तंबोऱ्याच्या भोपळ्याची माहिती घेतली, घेर किती, जाडी किती, सगळं, आणि वहीत नवं पान उघडलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

तिसऱ्या दिवशी बंदूक परत गेली.

"खोट काय निघाली?" मी विचारलं.

"काहीच नाही," काका गंभीरपणे म्हणाले. "तेच खटकलं. इतकी निर्दोष बंदूक कुणी विकेल कशाला?"

यावर काय बोलणार? काकूंना विचारलं, तर त्या निवांत होत्या. "तो बंदुकीच्या नव्हे, विचारांच्या शिकारीला जातो," त्या म्हणाल्या. "त्या शिकारीला बंदी-हंगाम नाही. घेतली तर मार्चमध्ये करेल काय?"

दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र हाच माणूस विजेसारखा. मी सायकल घ्यायचं घोकत होतो. दुकानात काका बरोबर आले. ऑर्बेआ दिसताच हँडल धरलं, चौकटीवर टिचकी मारली, म्हणाले, "हीच. किती विचार करतोस? आयुष्य केवढं असतं!" माझी कॉफी संपायच्या आत पैसे भरून झाले होते. एइबारच्या खानदानातली पहिली वस्तू आमच्या गल्लीत आली ती अशी, माझ्या गॅरेजात. काका अधूनमधून येऊन तिच्या नळ्यांवर हात फिरवून जातात.

परत पाठवलेली 'नंबर टू' तिकडे लगेच खपली. ती बातमी आली तेव्हा काका आठवडाभर गप्प होते. काकूंनी त्यांच्या आवडीचा ॲपल पाय केला, तोही अर्धा राहिला. कुणीतरी अविचारी माणूस असणार, असं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. पुढे हंगाम आला, 870 आणि कुत्रा घेऊन जंगलात जाऊन आले, जरा सावरले.

गेल्या शनिवारी सकाळी दारावर थाप. काका, हातमोजे खिशात, वही काखेत, चेहऱ्यावर तेज.

"तीच! तीच बंदूक पुन्हा विकायला निघालीय. वर्षसुद्धा ठेवली नाही त्याने. मी म्हणत होतो ना, काहीतरी असणार म्हणून!"

"वाचलात मग," मी म्हणालो.

"वाचलो." काका आत आले, खुर्ची ओढली, वही उघडली आणि नव्या पानावर उभी रेघ मारली. "पण तीनशे डॉलर उतरवलेत त्याने. आता बोल."