प्रेस्टनमधला नवा एल्डर

दारावरची घंटा वाजवणाऱ्या माणसांचे वर्गीकरण करू पाहणाऱ्या अभ्यासकाला वर्गणीवाले, मीटर वाचणारे आणि विमा विकणारे यांच्यापलीकडे एक स्वतंत्र वर्ग मानावा लागतो, आणि या वर्गातली माणसे कधीही एकेकटी येत नाहीत. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी नामपट्टी, पाठीवर पिशवी आणि समोरच्याने अद्याप काहीही भले केलेले नसताना चेहऱ्यावर कृतज्ञतेचे हसू, अशी ही दुक्कल ज्या चर्चकडून येते ते जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केले. आज त्याचा कारभार युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीतून चालतो आणि त्याच्या अनुयायांना जग मॉर्मन म्हणते, जरी ‘लेटर-डे सेंट्स’च्या या चर्चने २०१८ पासून ते टोपणनाव टाळण्याची विनंती चालवली असली तरी. दुकलीतला जो जास्त हसतो आणि हात जरा जास्त वेळ धरून हलवतो, तो नवा होय; प्रस्तुत विवेचन त्याच्यापुरतेच आहे.

हा तरुण साधारण अठरा-एकोणीस वर्षांचा असतो (२०१२ पर्यंत त्याला एकोणीस पूर्ण होईपर्यंत थांबावे लागे) आणि दोन वर्षांसाठी घर सोडतो. कुठे जायचे हे तो ठरवत नाही, चर्च ठरवते. खर्च मात्र तो किंवा त्याचे कुटुंब सोसते. त्याच्या नावामागे ‘एल्डर’ ही पदवी लागते, जी या चर्चच्या पुरोहितपदातील एक पायरी आहे. त्याने सदैव सोबत्याच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहावे असा नियम असून न्हाणीघर हा त्याला जवळजवळ एकमेव अपवाद होय. मिशनऱ्यांच्या आपसांतल्या बोलीत नवख्याला ‘ग्रीनी’ म्हणतात, त्याला तयार करणाऱ्या अनुभवी सोबत्याला बाप, आणि त्या सोबत्याला ज्याने तयार केले त्याला आजोबा. त्यामुळे विसाव्या वर्षी नातवंडे असलेले गृहस्थ या व्यवस्थेत सर्रास आढळतात. घराची ओढ लागलेल्याला ‘ट्रंकी’ म्हणतात, म्हणजे ज्याने मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली आहे असा.

असा एक ग्रीनी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या प्रेस्टन शहरात येऊन पडला, की पहिल्या आठवड्यात त्याचे भारावलेपण पाहणाऱ्याला असह्य होते. प्रेस्टन हे त्याच्या दृष्टीने तीर्थक्षेत्रच असते, कारण उत्तर अमेरिकेबाहेर गेलेले या चर्चचे पहिले प्रचारक १८३७ मध्ये इथेच आले आणि इथल्याच रिबल नदीत त्यांनी पहिले बाप्तिस्मे दिले. हा इतिहास तो प्रेस्टनच्याच रहिवाशांना सांगतो, तोही पावसात, आणि पाऊसही आपल्याला फार आवडतो असे वर जोडतो. रहिवासी सभ्य असतात. ते ऐकून घेतात आणि मग चहा विचारतात.

इथे शास्त्रार्थ आवश्यक आहे. १८३३ मध्ये जोसेफ स्मिथ यांना झालेल्या आणि ‘वर्ड ऑफ विज्डम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साक्षात्कारात मद्य आणि तंबाखू यांच्याबरोबर ‘गरम पेये’ही वर्ज्य ठरली. गरम पेये म्हणजे चहा आणि कॉफी असा खुलासा पुढे झाला, आणि त्यामुळे गरम चॉकलेट गरम असूनही चालते, थंड केलेला चहा थंड असूनही चालत नाही. ग्रीन टीही चालत नाही, असे चर्चच्या तरुणांसाठीच्या मासिकाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. कोला मात्र चालतो. त्यातल्या कॅफीनला चर्चची मनाई नाही, हे २०१२ मध्ये जाहीर झाले. मीमांसकांनाही हेवा वाटावा असा हा सगळा भेदाभेद नवा एल्डर, दार उघडणाऱ्या आजीबाईंना, पहिल्या दिवशी, उंबऱ्यावर उभा राहून, संपूर्ण समजावून सांगतो.

आजीबाईंना त्यातले एवढेच कळते की पोराला चहा नको आहे. लँकेशायरमध्ये, जिथे चहाला ‘ब्रू’ म्हणतात आणि मृत्यूपासून नळ फुटण्यापर्यंतच्या सर्व प्रसंगांवर तो उपाय मानतात, ही गोष्ट कोणी सहजासहजी मानत नाही. कॉफी घेशील का, असे विचारले जाते. दूध जास्त घातले तर? फिका केला तर? नुसता कप हातात धर, बोटे तरी गरम होतील, इथपर्यंत तडजोड येते. चौथ्या दिवशी एल्डर साक्षात्कार वगळून केवळ ‘आम्ही घेत नाही’ एवढेच म्हणू लागतो, ज्याचा अर्थ ‘तुमच्याकडचा घेत नाही’ असा लावला जाऊन वातावरण गढूळ होते. आठव्या दिवशी कोणीतरी फ्रिजमधून कोला काढून देते आणि तो सकाळी दहा वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना, दात वाजवत तो पितो. बापाच्या नात्याचा सोबती तोवर पाणी मागून मोकळा झालेला असतो, कारण त्याचेही पहिले दिवस असेच गेलेले असतात.

मराठी वाचकाने या प्रकाराला परका मानू नये. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला आणि लष्करी छावणीत त्याला मज्जाव झाल्यावरही तिथे त्याने एक लहानशी शाखा उभी केली. त्या काळी पुण्यात अमृततुल्य निघालेले नव्हते, त्यामुळे त्याच्या अडचणींत निदान एक कमी होती.

वरील थट्टा खरी असली तरी तिच्यात एक बाजू झाकली जाते. गाव या मुलाला जी एकमेव गोष्ट मनापासून देऊ करते ती तो नाकारतो, आणि तो गावाला जी एकमेव गोष्ट मनापासून देऊ करतो ती गाव नाकारते. फरक इतकाच, की गावाला हे दिवसातून एकदा सोसावे लागते आणि त्याला दर दारात. संध्याकाळी आधीच्या एल्डरांनी मागे ठेवलेल्या नोंदी तो चाळतो, तेव्हा आज ज्यांनी दार लावले त्यांनी तेच दार पूर्वीही कितीकांच्या तोंडावर लावलेले त्याला दिसते. १९३३ मध्ये याच प्रेस्टनमध्ये गॉर्डन हिंक्ली नावाचा तेवीस वर्षांचा पदवीधर आला. सोबत्याने त्याला आल्या आल्या बाजारचौकात भाषणाला उभे केले, आणि काही आठवड्यांत त्याने वडिलांना लिहिले की आपला वेळ आणि तुमचे पैसे वाया चालले आहेत. वडिलांचे उत्तर दोन वाक्यांत मावेल इतके होते: स्वतःला विसर आणि कामाला लाग. त्या पैशांत तीन वर्षांपूर्वी वारलेल्या आईने वाणसामानातून उरलेली मोड साठवून मुलांच्या मिशनसाठी जमवलेली रक्कमही होती. हिंक्ली राहिला, आणि १९९५ ते २००८ या काळात चर्चचा अध्यक्ष होता.

बाकीचे अध्यक्ष होत नाहीत. ते परत जातात, दातांचे दवाखाने किंवा विमा कंपन्या चालवतात, आणि त्यांनी तसे पत्र लिहिले होते की नाही हे कोणी विचारत नाही. आता तर पत्राचीही सोय उरलेली नाही, कारण २०१९ पासून आठवड्यातून एकदा घरी बोलण्याची मुभा मिळाली असून पडद्यावर आई समोर दिसत असताना सगळे छान चालले आहे असेच सांगावे लागते. साधारण सहा आठवड्यांच्या हप्त्याने होणाऱ्या बदल्यांत एखाद्या दिवशी त्याचेही नाव निघते. तोवर कोणते कुत्रे चावते, कोणत्या आजीबाईंचा गुडघा दुखतो आणि कोण धर्मासाठी नव्हे तर बोलायला माणूस हवे म्हणून दार उघडते, हे त्याला नुकते कळू लागलेले असते. नव्या गावात यातले काहीही उपयोगी पडत नाही.

म्हणून ज्या वाचकांच्या दाराशी, परदेशी असो वा इथे, ही दुक्कल कधी येऊन उभी राहील, त्यांनी तिचा धर्म खुशाल नाकारावा आणि तिच्याशी वाद घालायचा तर तोही घालावा. फक्त आत बोलावून आधी पाणी विचारावे, आणि जो जास्त हसतो आहे त्याला दुसऱ्यांदाही विचारावे.