अठ्ठ्याहत्तर मिनिटं, एकोणसाठ सेकंद

हेवी मेटल कोणी बिघडवलं, हा वाद निघाला की मेकअप, केस, रेकॉर्ड कंपन्या आणि प्रत्यक्ष सैतान यांना आळीपाळीने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. माझा संशय मात्र एका चकचकीत, निरुपद्रवी वस्तूवर आहे : सीडी. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखाने मावायची. त्याहून जास्त कोंबलं की खोबण्या दाटीवाटीने बसायच्या आणि आवाज दबायचा. म्हणजे पाऊण तासात आटपा, नाहीतर दोन तबकड्या काढून जास्त पैसे मागायची हिंमत दाखवा. सीडीने सव्वा तासाहून जास्त जागा मोकळी करून दिली, आणि माळा रिकामा दिसला की माणूस काय करतो हे मराठी घराला सांगायला नको.

स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ (1986) घ्या. दहा गाणी, जेमतेम एकोणतीस मिनिटं. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम भरला, इतका तो आटोपशीर. पिठलं गॅसवर ठेवून ऐकायला बसावं, तर पिठलं करपायच्या आत जग बुडून झालेलं असतं. उलट मेटॅलिकाचा ‘लोड’ (1996) : चौदा गाणी, अठ्ठ्याहत्तर मिनिटं एकोणसाठ सेकंद. एवढं करूनही शेवटचं ‘द आउटलॉ टॉर्न’ सीडीत मावेना, म्हणून त्याचाच शेवट मिनिटभर छाटला. कात्री लागली ती अल्बममधल्या सर्वांत चांगल्या गाण्यांपैकी एकाला, आणि आधीची दोन-तीन भरतीची गाणी मात्र आरक्षण असल्यासारखी ऐसपैस बसून राहिली!

यावर जाणकार म्हणतील, लांबीचंच वावडं असेल तर स्लीपचं तासाभराचं ‘डोपस्मोकर’ कसं चालतं? चालतं, कारण ते एकच गाणं आहे; विलंबित ख्याल लांबला म्हणून कोणी घड्याळ बघत नाही. वैताग येतो तो पाल्हाळाचा. ‘नको असलेलं गाणं पुढे ढकला की’ हा दुसरा सल्ला, पण मग संपादनाचं काम गिऱ्हाइकाने करायचं आणि वर पैसेही त्यानेच द्यायचे.

तिसरा आक्षेप जड आहे. ब्लॅक सॅबथचं ‘पॅरानॉइड’ (1970) हे गाणं शुद्ध भरती होतं. अल्बमला थोडी लांबी कमी पडली म्हणून ते शेवटी घाईघाईत रचलं, आणि पुढे अल्बमला नाव मिळालं ते त्याचंच. कबूल. पण तिथे बुजवायचं भोक तीन मिनिटांचंही नव्हतं. अर्ध्या तासाचं भोक बुजवायला बसलात की काय होतं, ते ‘सेंट अँगर’मध्ये (2003) ऐकू येतं : त्यात मेटॅलिकाने गिटारचे सोलो पार काढून टाकले, तरी अल्बम पंचाहत्तर मिनिटांचा झाला. वाचलेला वेळ गेला कुठे, ते पातेल्यासारखा वाजणारा तो स्नेअर ड्रमच जाणे.