काखेत कळसा, काउंटीला वळसा

(अमेरिकेतल्या घटस्फोटाचा कागद मिळवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका)

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

तीन प्रकारच्या माणसांसाठी. पहिला प्रकार म्हणजे ज्यांचा स्वतःचा घटस्फोट अमेरिकेत झाला, त्याचा कागद त्यांनी अगदी जपून ठेवला, आणि म्हणूनच आता तो सापडत नाही. दुसरा प्रकार, नव्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरताना ‘आधीचा विवाह संपल्याचा पुरावा जोडा’ या ओळीपाशी अडलेल्यांचा. तिसरा प्रकार सगळ्यांत चिकाटीचा. भाचीला न्यू जर्सीचं स्थळ सांगून आलंय, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळताहेत, मुलगा दिसायला बरा आहे, आणि माहितीपत्रकात तळाशी बारीक अक्षरांत ‘नाममात्र विवाहित’ असं छापलंय. ते वाचून ज्यांची झोप उडाली, ते मामा आणि त्या मावशी.

तिघांनाही एकच सूचना: चहा करून घ्या. वेळ लागणार आहे.

पायरी १: अमेरिका विसरा

‘त्याचा अमेरिकेत घटस्फोट झाला’ असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेला यातलं काही ठाऊक नसतं. घटस्फोटांची नावनिशीवार नोंद ठेवणारं देशव्यापी दप्तर वॉशिंग्टनमध्ये नाही. विवाह आणि घटस्फोट हा तिथे राज्यांचा विषय, आणि प्रत्यक्ष काम चालतं ते काउंटीच्या कोर्टात. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अशा काउंट्या देशात तीन हजारांहून जास्त. टेक्सासात २५४, जॉर्जियात १५९, कॅलिफोर्नियात ५८, न्यू जर्सीत २१ आणि डेलावेअरमध्ये फक्त ३. नवशिक्याने शक्यतो डेलावेअरमध्ये घटस्फोट झालेलंच स्थळ बघावं.

लुईझियानात काउंटीच नसते. तिथे ‘पॅरिश’ असतात. मुलगा लुईझियानाचा असेल तर ही मार्गदर्शिका वाचताना प्रत्येक ‘काउंटी’च्या जागी ‘पॅरिश’ म्हणावं.

पायरी २: काउंटी नक्की करा

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. लग्न कोथरूडच्या कार्यालयात लागलं, म्हणून कागदाचा माग कोथरूडपासून काढायला जातात. लग्न कुठे लागलं, अहेरात काय आलं, याच्याशी कागदाचा संबंध नाही. अर्ज ज्या काउंटीत दाखल झाला, तिथेच कागद असतो. अर्ज कुठे दाखल करता येतो, हे ठरतं राहत्या पत्त्यावरून. कॅलिफोर्नियात जोडप्यापैकी एकाने तरी राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने काढलेले असावे लागतात. त्यामुळे लग्नाच्या वेळचा पत्ता नको, आत्ताचाही नको. भांडणाच्या वेळचा पत्ता हवा. तो नातेवाइकांत सहसा कोणी सांगत नाही.

पत्ता मिळाला तरी गाव आणि काउंटी यांत घोळ होतोच. कॅलिफोर्नियातलं सनीवेल सांता क्लारा काउंटीत येतं आणि तिथून जवळच असलेलं फ्रीमॉन्ट अलामीडा काउंटीत. न्यू जर्सीतलं एडिसन मिडलसेक्स काउंटीत आहे, पण नुसतं ‘मिडलसेक्स’ म्हणून भागत नाही. मिडलसेक्स काउंटी न्यू जर्सीत आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, कनेक्टिकटमध्ये आहे आणि व्हर्जिनियातही आहे. चुकीच्या मिडलसेक्सला पत्र गेलं तर ‘नोंद आढळली नाही’ असं सभ्य उत्तर येतं. त्यावरून मुलगा प्रथमवर असल्याचा निष्कर्ष काढू नये.

जुन्या पिढीतलं एखादं अमेरिकन नाव शोधत असाल, तर राहत्या काउंटीत नोंद नाही म्हणून हात टेकू नका. नेवाडाने १९३१ मध्ये वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली आणि घटस्फोटासाठी देशभरातून लोक तिथल्या रीनो शहरात जाऊन राहू लागले. संसार न्यूयॉर्कला आणि काडीमोड नेवाडाच्या वॉशो काउंटीत, अशी पुष्कळ जोडपी त्या दप्तरात सापडतात.

पायरी ३: योग्य खिडकी गाठा

काउंटी कळली. आता कोर्टाचा जो कारकून हे दप्तर सांभाळतो, त्याला तिथे काय म्हणतात ते शोधा. टेक्सासात घटस्फोट डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतो. लग्नाचा परवाना मात्र काउंटी क्लार्ककडे, म्हणजे बांधायची खिडकी वेगळी आणि सोडवायची वेगळी. इलिनॉयमध्ये सर्किट क्लार्क. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘प्रोबेट अँड फॅमिली कोर्ट’, जिथे मृत्युपत्रं आणि घटस्फोट एकाच छपराखाली नांदतात. पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक काउंट्यांत या अधिकाऱ्याला ‘प्रोथोनोटरी’ म्हणतात. फोन करण्यापूर्वी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा.

न्यूयॉर्क राज्य हा प्रगत विद्यार्थ्यांचा विषय आहे. तिथे फॅमिली कोर्ट नावाचं कोर्ट आहे, पण त्याला घटस्फोट देण्याचा अधिकार नाही. घटस्फोट देतं सुप्रीम कोर्ट, आणि ते सर्वोच्च नाही. त्याच्यावर आणखी दोन पायऱ्या आहेत. सुप्रीम कोर्टाने दिलेल्या घटस्फोटाचे कागद मात्र काउंटी क्लार्ककडे. इतकं सगळं पाठ करून तुम्ही तिथे पोहोचलात, तरी तुम्ही स्वतः पक्षकार किंवा त्यांचे वकील नसाल, तर कोर्टाच्या आदेशाशिवाय तुम्हाला ती फाइल बघता येत नाही. मामांनी आणि मावशींनी न्यूयॉर्कचा नाद सोडावा.

पायरी ४: नाव लिहा, मग पुन्हा लिहा

कोर्टाची शोधसूची आडनावावर चालते आणि स्पेलिंगच्या बाबतीत ती सासूपेक्षा कडक असते. आपला श्रीकांत इंग्रजीत निदान चार तऱ्हांनी लिहिता येतो. ज्ञानेश्वरची तर गणतीच नको, आणि अमेरिकेत दहा वर्षं काढल्यावर तो ‘डॅन’ झालेला असू शकतो. मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, ही आपली रीत तिथल्या अर्जांना कळत नाही. ते कधी गळतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनाव होऊन बसतं. ज्यांच्या पासपोर्टवर सगळं नाव एकाच रकान्यात होतं, त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलं जातं. याचा अर्थ ‘पहिलं नाव अज्ञात’. पुढे ड्रायव्हिंग लायसन्सपासून कोर्टापर्यंत हा एफएनयू त्या माणसाच्या मागे फिरतो.

म्हणून वराचं आणि पूर्वपत्नीचं, दोन्ही नावं सर्व स्पेलिंगांसह कागदावर मांडा. तिचं माहेरचं आडनावही घ्या. खटला क्रमांक मिळाला तर हे सगळं फाडून टाकलं तरी चालेल. न्यू जर्सीत घटस्फोटाचा क्रमांक ‘एफएम’ने सुरू होतो आणि त्यापुढचे दोन अंक काउंटीचे. एफएम-१२ दिसलं की समजावं, मिडलसेक्स, आणि तेही न्यू जर्सीचंच.

पायरी ५: कोणता कागद हवा ते ठरवा

नवशिके ‘घटस्फोटाचं सर्टिफिकेट’ मागतात आणि तिथेच फसतात. कागद मुख्यतः तीन. एक, राज्याच्या आरोग्य खात्याचा दाखला: अमुक-तमुक यांचा घटस्फोट अमुक दिवशी झाला, एवढंच. न्यूयॉर्क राज्य असे दाखले १९६३ पासूनच्या घटस्फोटांचे देतं. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळातल्या नोंदी आहेत. त्यानंतर ज्यांचं फाटलं, त्यांनी थेट कोर्टाची पायरी चढावी. दोन, नुसतं पडताळणीपत्र. टेक्सासचं राज्य कार्यालय १९६८ पासूनच्या घटस्फोटांसाठी ते देतं. तीन, कोर्टाचा खुद्द निकाल, म्हणजे डिक्री. दुसरं लग्न, इमिग्रेशन, नाव बदलणं, या सगळ्याला खात्रीने चालतो तो तिसरा, आणि तोही क्लार्कची सही-शिक्का असलेली प्रमाणित प्रत. फोनवर काढलेला फोटो चालत नाही.

पायरी ६: अर्ज धाडा

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेऊ. साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट, घटस्फोटाच्या निकालाची प्रत प्रमाणित करायला १५ डॉलर. खटला क्रमांक नसेल आणि कारकुनाला शोधायला दहा मिनिटांहून जास्त लागली, तर शोधण्याचे आणखी १५ डॉलर. घटस्फोटाच्या खटल्यातले कागद तिथे सर्वसामान्यांना घरबसल्या इंटरनेटवर बघता येत नाहीत. कोर्टात जाऊन बघावे लागतात, नाहीतर टपालाने मागवावे लागतात.

टपालाने मागवताना सोबत आपला पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा जोडायचा असतो. दिवाळी अंकांना कथा पाठवणाऱ्या मंडळींना ही पद्धत परिचित आहे, नकाराचा अनुभवही आहे. पण इथे गांधीजींचं तिकीट चालत नाही, अमेरिकेचं लागतं. पैसे अमेरिकन बँकेच्या चेकने किंवा मनी ऑर्डरने. तात्पर्य, अमेरिकेत एक भाचा लागतो, आणि त्याला हे काम कशासाठी आहे ते सांगता येत नाही.

या टप्प्यावर दमलेली माणसं ‘घटस्फोटाच्या नोंदी मोफत बघा’ म्हणणाऱ्या खासगी वेबसाइटवर जातात. तिथे नाव टाकलं की चक्र फिरतं, हिरवी पट्टी पुढे सरकते, ‘तुम्ही धक्का सहन करायला तयार आहात का?’ असं विचारलं जातं, आणि शेवटी क्रेडिट कार्डाचा रकाना येतो. पैसे भरल्यावर मुलाचे तीन जुने पत्ते आणि एका भलत्याच माणसाचं वय मिळतं. शिक्का मिळत नाही.

पायरी ७: आलेला कागद वाचा

लिफाफा आला. दार लावून घ्या. आता ‘चूक कोणाची होती’ ते कळणार, या अपेक्षेने तुम्ही कॅलिफोर्नियाचा एफएल-१०० हा अर्ज उघडता. त्यात घटस्फोटाच्या कारणासाठी दोन चौकोन आहेत. एक, न मिटणारे मतभेद. दुसरा, जोडीदाराची निर्णय घेण्याची क्षमता कायमची गेलेली असणं. बहुतेक सगळे पहिल्यावर खूण करतात. दारू होती का, सासू होती का, दुसरी कोणी होती का, याला जागाच नाही. दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा हा कायदा १९६९ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने झाला आणि १९७० पासून लागू झाला. स्वतः रेगन घटस्फोटित होते. पुढे एकेक करत सगळी राज्यं त्याच वाटेने गेली. शेवटचं न्यूयॉर्क, २०१० मध्ये.

मग वाचायचं काय? एफएल-१८० हा निकालाचा कागद. त्यात विवाह नेमका कोणत्या तारखेला संपला ते लिहिलेलं असतं. नोटीस बजावल्यापासून निदान सहा महिने झाल्याशिवाय ती तारीख येत नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण कॅलिफोर्नियाने कायद्यातच घातली आहे. ती तारीख साखरपुड्याच्या आधीची आहे ना, ते बघा. मग खटला कसा चालला, त्याचे चौकोन बघा. ‘डिफॉल्ट किंवा अनकॉन्टेस्टेड’ हा चौकोन फसवा आहे. कोर्टात न फिरकलेली बायको आणि राजीखुशीने सही केलेली बायको, दोघींना तो एकच. सोबत दोघांच्या सह्यांचं तडजोडपत्र आहे का, ते शोधा.

हे मावशींच्या समाधानासाठी नाही. तिरुपतीला १९७५ मध्ये हिंदू पद्धतीने लागलेलं एक लग्न नवऱ्याने मिसुरीच्या सेंट लुईस काउंटीत मोडून घेतलं आणि इथे येऊन दुसरं केलं. पहिल्या बायकोने त्या कोर्टाचा अधिकारच मानला नव्हता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं, ही डिक्री इथे चालणार नाही. कोर्टाला अधिकारक्षेत्र नव्हतं, आणि ज्या कारणावर घटस्फोट दिला ते हिंदू विवाह कायद्यात नाही. दोघांनी तिथल्या कोर्टात राजीखुशीने भाग घेतला असेल, तर गोष्ट वेगळी. त्याच खटल्यात सेंट लुईसच्या क्लार्कने प्रमाणित केलेली प्रतसुद्धा पुराव्यात घेतली गेली नाही, कारण तिच्यावर अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणपत्र नव्हतं. तेव्हा कागद भारतात वापरायचा असेल, तर वरची मोहोर कोणती लागेल ते इथल्या वकिलाला आधी विचारा. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात मानला जावा म्हणून लावलेली मोहोर. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, आणि काउंटीच्या कागदावर अपोस्टिल मिळतं ते सहसा त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, वॉशिंग्टनहून नाही.

पायरी ८: ही खरं तर पहिली

पक्षकाराला आपल्या डिक्रीची प्रमाणित प्रत कोणत्याही काउंटीत, अगदी न्यूयॉर्कमध्येही, मागता येते. खटला क्रमांक त्याला माहीत असतो, स्पेलिंग माहीत असतं, भांडणाच्या वेळचा पत्ता तर पाठच असतो. म्हणून मामांनी तीन हजार काउंट्यांत हिंडण्याआधी मुलाला एक फोन करावा आणि सरळ म्हणावं, “डिक्रीची प्रमाणित प्रत पाठवा, सगळ्या पानांसह.” ज्याचे व्यवहार स्वच्छ आहेत, तो पंधरा-वीस डॉलर खर्चून ती मागवतो. जो ‘एवढा विश्वास नाही का?’ असं विचारतो, त्याच्या बाबतीत पुढच्या चौकशीची गरज उरत नाही. बोलणी तिथेच थांबवावीत.