ओला चमचा

२००७ साली आमच्या ऑफिसात तीन माणसं, दोन कॉम्प्युटर आणि एक फॅक्स होता. दारावर पाटी होती 'जनसंपर्क सल्लागार'. बातमीदारांना दिवाळीत सुकामेव्याचा डबा पोचवायचा आणि उरलेलं वर्षभर त्यांच्या टेबलावर प्रेसनोट टाकायची, याला आम्ही जनसंपर्क म्हणायचो. प्रेसनोट लिहिण्यात माझा हातखंडा होता. माझ्या प्रेसनोटमध्ये कुणी काही म्हणत नसे, प्रतिपादन करत असे. कुणी कुठे जात नसे, त्याची उपस्थिती लाभत असे. घरीसुद्धा एकदा मी बायकोला 'चहाचे आयोजन कधी आहे' असं विचारलं होतं.

आमचे एक क्लायंट लोणची-पापडवाले होते. नाव सांगत नाही, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णा भाच्याकडे न्यू जर्सीला महिनाभर राहून आले आणि थेट ऑफिसात येऊन बसले.

"तिकडे जो तो ब्लॉग लिहितो. आपलाही पाहिजे. कितीला पडतो?"

"फुकट असतो, अण्णा."

"फुकट? मग चांगला नसणार."

मग मी त्यांना इतिहास सांगितला. ब्लॉगर नावाची ही सोय १९९९ मध्ये पायरा लॅब्ज नावाच्या एका छोट्या कंपनीने काढली आणि २००३ मध्ये ती कंपनी गूगलने विकत घेतली. 'विकत घेतली' हे ऐकल्यावर अण्णांचं समाधान झालं.

ब्लॉग अण्णांचा आणि लिहिणार मी, असं ठरलं. पहिल्या लेखाची सुरुवात मी अशी केली: 'सुप्रसिद्ध लोणची उद्योजक अण्णा यांनी आज आपल्या ब्लॉगचा शुभारंभ केला. याप्रसंगी बोलताना ते म्हणाले...' माणूस स्वतःच्याच डायरीत स्वतःला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावतो आहे, हे माझ्या लक्षातही आलं नाही. अण्णांनी प्रिंटआउट वाचला आणि म्हणाले, "छान. फोटो जरा मोठा घ्या."

आमच्या बॉसकडे 'क्लूट्रेन मॅनिफेस्टो'चा प्रिंटआउट होता. १९९९ मध्ये चार अमेरिकन गृहस्थांनी ९५ कलमं लिहून कंपन्यांना बजावलं होतं, की बाजार म्हणजे माणसांच्या गप्पा, तेव्हा तुम्हीही माणसासारखं बोला. बॉसने त्यातली बरीच कलमं पिवळ्या मार्करने रंगवली होती. मंडईत कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या मावशींना हे एकाही कलमाशिवाय ठाऊक होतं, पण त्यांच्याकडे मार्कर नव्हता.

खरा छळ टायपिंगचा. प्रेसनोटा आम्ही श्रीलिपीत करायचो. तोच मजकूर ब्लॉगवर चिकटवला की त्याचा नुसता कचरा व्हायचा. मग कुणीतरी बरहा उतरवून दिलं, युनिकोड शिकवलं. आमच्याकडे नीट दिसायला लागलं, तर अण्णांच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर चौकोनच चौकोन. एक्सपीची सीडी शोधून, कुठल्याशा सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण करून आलो. तरी दुसऱ्या मशीनवर जोडाक्षरं फुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहायची ती नंतर, शिवाय एका ठिपक्यांच्या वर्तुळावर. 'मिरची'ची अवस्था बघवत नव्हती.

खाली भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारं यंत्र लावलं होतं. पहिल्या आठवड्यात आकडा ४३. त्यातले चाळीस मीच, आकडा वाढला का ते बघायला गेलेलो. अण्णांनी विचारलं, "पेपर लाखांनी खपतो. आपला ब्लॉग किती खपला?" मी म्हटलं, "वाचक दर्जेदार आहेत."

मग ऑर्कुट. जानेवारी २००४ मध्ये गूगलने ते सुरू केलं, तेव्हा आधीच्या सभासदाने बोलावल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. आमच्यापर्यंत येईस्तोवर सगळा गाव आत होता. ऑर्कुटवर टेस्टिमोनियल म्हणून एक प्रकार असे. तुमचं कौतुक दुसऱ्याने लिहायचं, तुम्ही वाचून मंजूर करायचं, मग ते जगाला दिसायचं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं आमचा धंदा दुसरं काय करत होता! तिथे माणसाला गुणही द्यायची सोय होती: विश्वासू असेल तर हसरे चेहरे, कूल असेल तर बर्फाचे खडे, आणि सेक्सी असेल तर बदाम. 'अण्णांना विश्वासू करा' असा निरोप मी कारखान्यात धाडला. अकाउंट्समधल्या मुलाला ते चित्रांचं गणित कळलं नाही. पासष्ट वर्षांच्या अण्णांच्या नावापुढे तीन बदाम लागले. अण्णा म्हणाले, "बदाम आपण कुठे विकतो?"

ब्लॉगवर मात्र प्रतिक्रिया शून्य. शेवटी मी त्याच मुलाला कामाला लावलं. त्याने अकरा ईमेल खाती उघडली आणि वीस मिनिटांत अकरा रसिकांनी दाद दिली: 'अप्रतीम! असेच लिहीत रहा.' दुसऱ्या दिवशी बारावी प्रतिक्रिया आली, ती खरी. 'अकरा जणांना एकच लोणचं आवडू शकतं. पण अकराच्या अकरा जण 'अप्रतिम'ची वेलांटी दीर्घ काढतात, हे जरा जास्तच मुरलंय.' लिहिणाऱ्याने गाव सांगितलं नव्हतं. पुण्यात त्याची गरज नसते.

आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकेत मोठमोठ्यांचं हसं झालं होतं. एक जोडपं मोटारघर घेऊन देशभर हिंडतंय, रात्री वॉलमार्टच्या आवारात मुक्काम करतंय आणि तिथल्या खूश कर्मचाऱ्यांविषयी ब्लॉगवर लिहितंय, असा देखावा होता. सहलीचा खर्च वॉलमार्टच्या बाजूची एक संघटना करत होती, आणि मागे एडलमन ही बलाढ्य जनसंपर्क कंपनी होती. बिंग फुटल्यावर रिचर्ड एडलमन यांनी माफी मागितली, तीही स्वतःच्या ब्लॉगवर. मी हे सगळं नंतर वाचलं. एवढी मोठी माणसंही आपल्याच वाटेने गेली होती, म्हणून थोडं बरंही वाटलं.

आणि मग ती प्रतिक्रिया आली. 'तुमच्या कैरीच्या लोणच्याला बुरशी आली. बरणी उघडून पंधरा दिवसही झाले नाहीत.' खाली एका बाईंचं नाव. मी धंद्याच्या सवयीने ती तात्काळ उडवली. संध्याकाळी ती पुन्हा हजर, आता 'माझी तक्रार काढून टाकली' या पुरवणीसह, आणि ऑर्कुटच्या एका कम्युनिटीवर वेगळीच. पेपरात असं पत्र आलं असतं तर कुणाला तरी फोन केला असता. इथे फोन कुणाला करणार?

फोन अण्णांचाच आला. "कोणी काढलं ते? राहू दे. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. 'ताई, बुरशी आली म्हणजे दोनातलं एक झालंय. तेल फोडींच्या वर बोटभर उभं राहायला पाहिजे. तसं नसेल तर चूक आमची, बरणी आणून द्या, नवी न्या. तेल असेल, तर तुमच्या घरात कुणीतरी ओला चमचा घालतंय. कोण, ते तुम्ही शोधा.'

मी त्यावर हात फिरवला आणि 'आर्द्रतायुक्त चमच्याचा वापर टाळावा' असं करून वाचून दाखवलं.

"आर्द्रता कशाला मध्ये आणता?" अण्णा म्हणाले. "ओला म्हणा."

त्या चार ओळींखाली ७४ प्रतिक्रिया आल्या, वेगवेगळ्या वेलांट्यांच्या. कुणी सासूवर घसरलं, कुणी लाकडी चमच्याची बाजू घेतली, फ्रीजमध्ये ठेवावं की ठेवू नये यावर दोन दिवस जुंपली. तिसऱ्या दिवशी त्या बाई स्वतः परत आल्या. दोनच शब्द लिहिले: 'नवरा निघाला.'

बॉसने हे प्रकरण आमच्या माहितीपत्रकात 'आमची संवादनीती' म्हणून छापलं. पुढच्या महिन्यात अण्णांना मी पुन्हा प्रतिपादन करायला लावलं, तेव्हा वाचक पुन्हा दर्जेदार झाले. पुढे फेसबुक आलं, १४० अक्षरांचं ट्विटर आलं, ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुटला टाळं लावलं. त्यात अण्णांचे बदामही गेले.

ब्लॉग मात्र अजून तसाच आहे. शेवटचा लेख २००९ चा, 'लवकरच नवीन उपक्रम'. कैरीच्या दिवसांत कुणी ना कुणी शोधत शोधत त्या चमच्यापाशी येतं आणि प्रश्न विचारून जातं. गेल्या मे महिन्यात कुणीतरी मिठाचं प्रमाण विचारलंय. उत्तर द्यायला हवं, पण पासवर्ड ज्या डायरीत होता ती डायरी रद्दीत गेली. तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांनी इथे वाचावं: किलोभर फोडींना २०० ग्रॅम मीठ, तेल बोटभर वर, आणि चमचा कोण घालतंय त्याच्यावर लक्ष ठेवा.